कोंबडीच्या पिलांतील यीस्टचा रोग : कारणे व प्रतिबंध

परसातील कुक्कुटपालन हा अल्प भांडवलावर करता येण्यासारखा आणि घरातील स्त्रियांच्या हाती चार पैसे ठेवणारा जोडधंदा होय. या धंद्याचे यश मुख्यतः पिलांच्या पहिल्या दोन महिन्यांतील संगोपनावर अवलंबून असते. या काळात मानमोडी, रक्ती हगवण यांसारख्या रोगांची भीती पाळणाऱ्याच्या मनात सतत असते व ती रास्तही आहे. तथापि या रोगांच्या भीतीपोटी जे उपाय केले जातात, त्यांच्याच अतिरेकातून उद्भवणाऱ्या एका विकाराकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. पिलांच्या अन्नमार्गात यीस्टची बेसुमार वाढ होणे, हा तो विकार होय. या विकारात पिले एकाएकी मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. आणि म्हणूनच तो लवकर ध्यानात येत नाही.

या लेखाचे निमित्त असे की, गेल्या पावसाळ्यात एका गावी महिला बचत गटाने गिरिराज जातीची दोनशे पिले आणली. दुसऱ्या आठवड्यात काही पिलांना हगवण लागली. गटातील भगिनींनी दुकानातून प्रतिजैविकाची भुकटी आणून ती पिण्याच्या पाण्यातून दिली. हगवण थांबली, परंतु रोग उलटेल या भीतीने भुकटी चालूच राहिली. चौथ्या आठवड्यात प्रस्तुत लेखक तेथे गेला असता पिले खुरटलेली दिसली. तेव्हा ‘‘भुकटी इतक्यात बंद करू नका, आणखी आठवडाभर द्या’’ असा सल्ला त्याने दिला. हा सल्ला चुकीचा होता. पुढील आठ दिवसांत पिले अधिकच मलूल झाली व काही दगावली. मेलेली पिले तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करविल्यावर खरे कारण उघडकीस आले. भुकटी बंद केल्यावर व योग्य उपचारानंतर उरलेली बहुतेक पिले सुधारली. परंतु विक्री एक महिना लांबली आणि त्या महिन्याच्या खाद्याचा खर्च गटाच्या बचतीतून भागवावा लागला. अशी चूक इतर कार्यकर्त्यांच्या हातून होऊ नये, या हेतूने सदर विकाराची माहिती येथे दिली आहे.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट, म्हणजेच किण्व, हा बुरशीच्या कुळातील एकपेशीय जीव होय. पावाचे पीठ फुगते किंवा ताडीला आंबूस वास येऊन ती मादक बनते, ते यीस्टमुळेच. साखर खाऊन तिच्यापासून मद्यार्क व कर्बवायू तयार करणे हा अनेक जातींच्या यीस्टचा स्वभावधर्म आहे. त्यांपैकी काही जाती माणसाच्या उपयोगी पडतात. पाव तयार करण्यासाठी वापरले जाणारे यीस्ट तर दुभत्या जनावरांच्या खाद्यातही पूरक म्हणून देतात.

ज्या जातीमुळे पिलांना विकार होतो, ती मात्र निराळी आहे. तिचे शास्त्रीय नाव कॅन्डिडा अल्बिकान्स असे असून, ती पक्ष्यांच्या तसेच माणसांच्या तोंडात व आतड्यात अल्प प्रमाणात नेहमीच वास करून असते. निरोगी कोंबडीच्या पोटातही हे यीस्ट सापडते आणि तेथे ते काही उपद्रव देत नाही. मानमोडीचा विषाणू बाहेरून येऊन रोग उत्पन्न करतो. येथे तसे नसून, घरातलाच एक निरुपद्रवी रहिवासी संधी मिळताच घर बळकावतो. हा फरक ध्यानी घेतल्याशिवाय या विकाराचा प्रतिबंध नीट करता येणार नाही.

या यीस्टचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ते दोन रूपांत वावरते. नेहमीच्या रूपात त्याच्या पेशी अंडाकृती असतात व त्यांना कोंब फुटून नव्या पेशी बनतात. परिस्थिती अनुकूल झाली की त्याच पेशींपासून लांबट तंतू निघतात. हे तंतू झाडाच्या मुळ्यांप्रमाणे अन्नमार्गाच्या अस्तरात शिरतात. खरा विकार या तंतुरूपापासूनच सुरू होतो.

अन्नपुट आणि तेथील जीवाणूंची वस्ती

कोंबडीला दात नसतात. तिने टिपलेले दाणे अन्ननलिकेतून प्रथम छातीच्या वरच्या बाजूस असलेल्या एका पिशवीत उतरतात. या पिशवीस अन्नपुट असे म्हणतात. कुक्कुटपालक तिला क्रॉप या नावानेही ओळखतात. सायंकाळी पोटभर चरून आलेल्या कोंबडीच्या गळ्याखाली बोटांनी चाचपले असता दाण्यांनी भरलेली ही पिशवी हाताला लागते. येथे अन्न ओले व मऊ होते आणि हळूहळू पुढे पेषणीत जाऊन दळले जाते. सकाळी खाद्य देण्यापूर्वी निरोगी पक्ष्याचे अन्नपुट रिकामे असले पाहिजे.

अन्नपुटाच्या अस्तरावर असंख्य उपयुक्त जीवाणूंची वस्ती असते. दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंच्या कुळातील हे जीवाणू अस्तराला दाटीने चिकटून राहतात, अन्नातील साखर वापरतात आणि आम्ल तयार करतात. त्यांच्या दाटीमुळे यीस्टला चिकटण्यास जागा व वाढण्यास अन्न पुरेसे मिळत नाही. शेतातील पीक दाट व जोमदार असले म्हणजे तणाला डोके वर काढता येत नाही, तसाच हा प्रकार होय. पीक विरळ झाले की त्याच जमिनीत हरळी व लव्हाळा माजतो. तणाचे बी जमिनीत आधीपासूनच असते. त्याला केवळ मोकळ्या जागेची प्रतीक्षा असते.

तोल कसा बिघडतो?

प्रतिजैविके ही जीवाणूंचा नाश करणारी औषधे होत. पेनिसिलीनसारखे औषध जीवाणूच्या पेशीची भिंत बनू देत नाही. अन्य काही औषधे त्याच्या पेशीतील प्रथिने तयार करण्याचे काम बंद पाडतात. यीस्ट हा मात्र जीवाणू नव्हे. त्याची भिंत निराळ्या द्रव्यांची असते आणि पेशीची अंतर्गत रचनाही निराळी असते. सबब प्रतिजैविकाचा त्याजवर परिणाम होत नाही. पाण्यातून आठवडेच्या आठवडे भुकटी दिली असता रोगकारक जीवाणूंबरोबर अस्तरावरील उपयुक्त जीवाणूही नष्ट होतात आणि यीस्टला रान मोकळे मिळते.

यानंतर जे घडते ते अधिक घातक असते. यीस्ट वाढल्याने पिले खात नाहीत, खुरटतात व क्वचित त्यांना पातळ विष्ठाही होते. पाळणारा समजतो की पूर्वीचा रोग अद्याप गेलेला नाही आणि भुकटीचे प्रमाण वाढवितो. त्यामुळे उरलेसुरले उपयुक्त जीवाणूही मरतात व यीस्ट आणखी फोफावते. वर वर्णन केलेल्या गावी हेच घडले.

प्रतिजैविकांचा अतिरेक हे प्रमुख कारण असले, तरी पुढील कारणेही या विकारास साहाय्यभूत होतात :

1. पाण्याच्या भांड्यांची अस्वच्छता. भांड्याच्या आतील बाजूस बोट फिरविल्यास जो बुळबुळीत थर लागतो, त्यात यीस्ट व इतर सूक्ष्म जीव मोठ्या प्रमाणावर वाढतात. जीवनसत्त्वांची गोड औषधे व गुळाचे पाणी यांमुळे हा थर लवकर जमतो.

2. शिळे व आंबलेले खाद्य. भिजविलेला भरडा किंवा घरातील उरलेले अन्न रात्रभर भांड्यात राहिल्यास ते आंबते आणि त्याबरोबर यीस्टचा मोठा साठा पिलांच्या पोटात जातो.

3. दाटी, ओलसर तूस व निकृष्ट आहार. यांमुळे पिलांची प्रतिकारशक्ती घटते.

4. अन्य रोग. रक्ती हगवणीसारख्या रोगाने अशक्त झालेल्या पिलांत यीस्टचा शिरकाव सुलभ होतो.

हा विकार एका पिलापासून दुसऱ्यास थेट लागत नाही. दूषित खाद्य, पाणी व भांडी यांच्याद्वारे यीस्ट सर्व पिलांच्या पोटात जाते; मात्र ज्यांचा तोल आधीच बिघडलेला असतो, तीच बळी पडतात. कोवळ्या पिलांना याचा उपद्रव प्रौढ कोंबड्यांपेक्षा अधिक होतो. कोंबड्यांप्रमाणेच टर्की व कबुतरांतही हा विकार आढळतो.

लक्षणे व निदान

बाह्य लक्षणे मोघम असतात. पिले मलूल होतात, पिसे विस्कटलेली दिसतात, भूक मंदावते व एकाच वयाच्या पिलांत लहानमोठेपणा फार दिसू लागतो. काही पक्ष्यांचे अन्नपुट सकाळीही भरलेले व लिबलिबीत लागते आणि चोचीस आंबट वास येतो. तोंडाच्या आत पांढुरके चट्टे दिसू शकतात.

शवविच्छेदनात अन्नपुट उघडल्यावर मात्र चित्र स्पष्ट होते. निरोगी अन्नपुटाचे अस्तर पातळ व गुळगुळीत असते. या विकारात ते जाड व पांढरट होऊन त्यास अंग पुसण्याच्या खरखरीत टॉवेलासारखे रूप येते. त्यावरील पांढरा पापुद्रा सहज खरवडून निघतो.

असे असले तरी केवळ पांढऱ्या चट्ट्यांवरून निदान करू नये. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंडात व अन्ननलिकेत पांढऱ्या पुळ्या येतात. कोंबड्यांच्या देवी रोगाच्या एका प्रकारातही तोंडात व घशात पापुद्रे धरतात. शिवाय हे यीस्ट निरोगी पक्ष्यांतही असल्यामुळे, प्रयोगशाळेत ते नुसते सापडले म्हणजे विकार सिद्ध होतो असे नाही. त्याचे तंतू अस्तरात शिरले आहेत किंवा कसे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. याकरिता नुकतीच मेलेली दोन-तीन पिले शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत. पिले कुजली असता तपासणीचा उपयोग होत नाही. त्यांजबरोबर आजवर कोणते औषध किती दिवस दिले, याची टीप आणि औषधाची रिकामी पाकिटे अवश्य न्यावीत.

उपचार

पहिला उपचार म्हणजे ज्या कारणाने तोल बिघडला ते कारण दूर करणे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक थांबवावे, पाण्याची व खाद्याची सर्व भांडी घासून उन्हात वाळवावीत, ओले तूस बदलावे आणि ताजे, कोरडे, संतुलित खाद्य द्यावे. विकार फार बळावलेला नसेल तर एवढ्यानेही पुष्कळ पिले सुधारतात.

औषधांची गरज पडल्यास पशुवैद्यक बुरशीनाशक औषध लिहून देतात. त्यांतील निस्टॅटिन या औषधाचा इतिहास शेतकऱ्यांना रंजक वाटेल. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन महिला शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासून 1950 साली या औषधाचा शोध जाहीर केला. ज्या सूक्ष्मजीवापासून हे औषध मिळाले, तो व्हर्जिनिया राज्यातील एका दूध-व्यवसायाच्या शेतावरील मातीत सापडला होता आणि त्यास त्या शेताच्या मालकाच्या आडनावावरून नाव देण्यात आले. औषधाचे नाव मात्र न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून पडले. हे औषध पोटातून रक्तात फारसे शोषले जात नाही. त्यामुळे ते अन्नमार्गातील यीस्टवरच आपले कार्य करते.

मोरचुदाचे पाणी हा या विकारावरील जुना उपाय म्हणून सांगितला जातो. द्राक्ष व पानमळा यांच्या फवारणीसाठी मोरचूद पुष्कळ घरी असते, म्हणून येथे इशारा देणे अवश्य आहे. त्याच्या उपयुक्ततेबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही आणि प्रमाण थोडे चुकले तरी ते पिलांना विषारी ठरते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यासही ते खाऊन टाकते. सबब अंदाजाने मोरचूद पाण्यात टाकू नये. त्याचप्रमाणे अन्नपुट रिकामे करण्याकरिता पक्ष्याला उलटे धरून पिळण्याची काही ठिकाणी चाल आहे, तीही सोडून द्यावी. त्यामुळे आतील द्रव श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो.

प्रतिबंध

हा विकार झाल्यावर बरा करण्यापेक्षा तो न होऊ देणे सोपे व कमी खर्चाचे आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. पाण्याची भांडी रोज ब्रशने घासावीत. शक्य झाल्यास भांड्यांचे दोन संच ठेवावेत, म्हणजे एक वापरात असता दुसरा उन्हात वाळविता येईल.

2. पिण्याचे पाणी निर्जंतुक करावे. 100 लिटर स्वच्छ पाण्यास ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे 1 ग्रॅम या प्रमाणात पुरे होते. पावडर प्रथम थोड्या पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी मिसळावे आणि एक तासानंतर वापरावे. ज्या दिवशी पाण्यातून लस द्यावयाची असेल, त्या दिवशी मात्र असे पाणी वापरू नये. कारण त्याने लस निकामी होते.

3. प्रवासाने थकलेल्या पिलांना पहिल्या दिवशी गुळाचे पाणी देण्यास हरकत नाही. परंतु दोन-तीन तासांनी उरलेले पाणी ओतून भांडे धुवावे.

4. भिजविलेले खाद्य एका वेळी संपेल इतकेच द्यावे. खाद्याची पोती जमिनीला किंवा भिंतीला न लावता फळ्यांवर ठेवावीत.

5. लसीकरण वेळच्या वेळी करावे. मानमोडी हा विषाणूजन्य रोग असल्यामुळे त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. लस हाच त्यावरील उपाय होय.

6. प्रतिजैविक केवळ पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले दिवसच द्यावे. ते मधेच सोडू नये व मुदतीनंतर चालूही ठेवू नये. ‘रोग येऊ नये म्हणून’ देण्याचे ते औषध नव्हे.

7. औषधाचे नाव, सुरू केल्याची व बंद केल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. औषध बंद केल्यानंतर अंडी व मांस किती दिवस विकू नयेत, हे विचारून तेही नोंदवावे.

या शेवटच्या दोन गोष्टींचे महत्त्व केवळ पिलांपुरते नाही. प्रतिजैविकांच्या अविचारी वापरामुळे त्यांना न जुमानणारे जीवाणू निर्माण होतात आणि तेच पुढे माणसांच्या आजारात डॉक्टरांपुढे उभे राहतात. याच कारणास्तव भारत सरकारने जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन या औषधाचा कोंबड्या व अन्य खाद्योत्पादक प्राण्यांसाठी वापर करण्यास बंदी घातली. माणसांच्या गंभीर आजारात इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर शेवटचा आधार म्हणून ते राखून ठेवलेले आहे.

माणसांच्या बाबतीत

वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, हेच यीस्ट आपल्याही पोटात असते, तर त्यापासून आपणास कितपत धोका आहे? निरोगी माणसास सामान्यतः काही धोका नाही. तान्ह्या मुलांच्या जिभेवर व गालाच्या आतील बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर कधी कधी दिसतात, ते याच यीस्टचे असतात. मधुमेह काबूत नसलेल्या व्यक्ती, रात्रंदिवस कवळी घालणारे वृद्ध, दीर्घकाळ प्रतिजैविके अथवा स्टिरॉइड घेणारे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती खालावलेले लोक यांना हा उपद्रव होण्याचा संभव अधिक असतो. रुग्णालयातील अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट शिरले तर प्राणही जाऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या रोगकारक बुरशींच्या यादीत त्याची गणना सर्वांत गंभीर गटात केली आहे.

याउलट, थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी अशा प्रत्येक तक्रारीचे मूळ पोटातील यीस्टमध्ये आहे असे सांगून महागडी औषधे विकणारेही आढळतात. या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. पोटातील यीस्टने अन्नातील पिष्टापासून मद्यार्क तयार केल्यामुळे दारू न पिताही माणसास नशा चढल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत. परंतु ती अत्यंत विरळ होत. तोंडात पांढरे चट्टे दिसल्यास किंवा गिळताना दुखत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. घरी उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत आणि कोंबड्यांसाठी आणलेली भुकटी तर माणसांनी कदापि वापरू नये.

समारोप

‘अति तेथे माती’ ही म्हण औषधांनाही लागू पडते. पिलू आजारी दिसताच भुकटी घालण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे आपण काहीतरी केले असे समाधान लाभते. ग्रामकार्यकर्त्यांनी अशा वेळी औषधाचे नाव सुचविण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : आतापर्यंत कोणते औषध किती दिवस दिले? पाण्याचे भांडे शेवटचे केव्हा घासले? सकाळी पिलांचे अन्नपुट रिकामे असते काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर नवे औषध न सुचविता पिले पशुवैद्यकाकडे पाठवावीत. वर सांगितलेल्या गावी हे तीन प्रश्न वेळीच विचारले गेले असते, तर गटाचे नुकसान टळले असते. त्या भगिनींनी यंदा पुन्हा पिले आणली आहेत. खुराड्याच्या दाराशी त्यांनी औषधांची वही दोरीने बांधून ठेवली असून, भांडी घासण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकीकडे दिली आहे. इतर गटांनीही हा परिपाठ ठेवावा, अशी शिफारस आहे.